घरी येण्याची वेळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण लिहून झाले, तेव्हा नेहमीप्रमाणे ते मी मुलीला वाचायला दिले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि नोकरी मुलुंडच्या एका बालवाडीतली. त्यामुळे माझ्या लेखनाचे पहिले टीकाकार घरातच असतात. प्रकरणात नायक संध्याकाळी कचेरीतून घरी येतो. जिन्यात पावले वाजतात, दार उघडते, तो चपला काढतो, हातातली भाजीची पिशवी बायकोकडे देतो, आणि चहाचा कप समोर येईपर्यंत कोणी काही बोलत नाही. प्रसंग मला बरा साधला होता. मुलीने तो वाचला आणि ती म्हणाली, "आई, छान आहे, पण हे आजीच्या वेळचं आहे. बाबा असे कुठे येतात? ते बोलत बोलतच येतात. चप्पलसुद्धा फोन कानाला लावूनच काढतात. दार कुणी उघडलं हेही त्यांना कळत नाही."

मी प्रकरण बाजूला ठेवले. वाईट वाटले खरे. पण दोन दिवसांनी मन निवळल्यावर असे ध्यानात आले की, ही चूक माझ्या एकटीची नाही. मुंबईविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराचसा डोलारा या एका प्रसंगावर उभा आहे : माणूस कामाला जातो आणि कामावरून घरी येतो. तो प्रसंगच आता घराघरांतून नाहीसा होत चालला आहे, आणि आम्ही लेखक मात्र जुन्याच वहिवाटीने तो लिहीत आहोत. त्याविषयी थोडे मोकळेपणाने बोलावे, म्हणून हा लेख.

पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. ती वाचून पोट धरून हसलेल्या तीन पिढ्या आपल्याकडे आहेत. त्या चाळीत आडपडदा म्हणून नाही. एकाच्या खोलीतला खोकला चौथ्या खोलीत ऐकू जातो, एकाच्या लग्नाची काळजी सगळा मजला करतो. पण एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. चाळीत सगळ्यांना प्रवेश आहे, फक्त साहेबाला नाही. कचेरी तिकडे फोर्टात राहते. चाळकरी तिच्याविषयी कुरकुर करतात, तिची नक्कल करतात, तिच्यातून रजा कशी काढावी याचे बेत रचतात. पण ती जिना चढून वर येत नाही. चाळीच्या भिंती पातळ होत्या. आणि तरीही चाळ आणि कचेरी यांच्यामधली भिंत जाड होती. पुलंचा विनोद या जाड भिंतीच्या आश्रयाने खेळतो, असे मला वाटते. साहेबाचा निरोप रात्री दहा वाजता खोलीत येणार असता तर उपासाचे आणि भ्रमणाचे ते बेत रंगले असते का?

ही भिंत मात्र आपोआप उभी राहिलेली नव्हती. गिरणगावातल्या पहिल्या पिढीच्या कामगाराला सुट्टीचा वारच ठाऊक नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याची एक सुट्टी मागितली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आपण रविवारी उशिरा उठतो, मटण किंवा पुरणपोळी करतो, मुलांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातो; तो रविवार असा कोणीतरी मागून घेतलेला आहे. पुढे १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात तीच मर्यादा कायम झाली. घरी येण्याची वेळ ही अशी तासातासाने जिंकलेली वेळ आहे.

या लढ्यांना एक गोष्ट उपयोगी पडली, आणि ती म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा क्रूर होता यात शंका नाही. पहाटेच्या झोपेतून तो माणसाला ओढून काढी. पण तो सगळ्यांना एकदम ऐकू येई. कामाला बोलावणे आले हे कामगाराला कळे, तसेच त्याच्या बायकोला, मुलांना, शेजाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही कळे. सुटीचा भोंगा झाला की, हा माणूस आता आपला आहे, हेही सगळ्या गल्लीला कळे. भोंगा होऊनही कोणी तासभर आला नाही, तर विचारणा होई. वेळ ही तेव्हा सार्वजनिक वस्तू होती. वेळेवरून या शहरात भांडणेही जाहीर झाली. १९०६ साली सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लावली, तरी मुंबई महापालिका आपल्या ३९ मिनिटे मागच्या 'मुंबई टाइम'ला कित्येक वर्षे धरून राहिली. घड्याळ कोणाचे चालणार, हा प्रश्न लोकांना हास्यास्पद वाटत नव्हता.

आता मला माझ्याच मुद्द्याला हरकत घेतली पाहिजे. ही भिंत होती, पण ती कोणासाठी? पुरुष घरी आला की त्याचे काम संपे. बाईचे तेव्हा सुरू होई. 'कळ्यांचे निःश्वास' हा विभावरी शिरूरकरांचा कथासंग्रह १९३३ साली निघाला आणि पुण्या-मुंबईत खळबळ उडाली. त्या टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या, आणि त्या स्वतः शिक्षिका होत्या. त्या संग्रहातल्या एका कथेचे नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. मिळवती मुलगी जेव्हा प्रथम मराठी कथेत आली, तेव्हा तिच्या पगाराबरोबर ती स्वतःही घरच्यांच्या हिशेबात धरली गेली, हे मालतीबाईंनी निर्भयपणे दाखवले. तिला घरी येणे म्हणजे विसावा नव्हता. एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत येणे होते.

आमच्या उपनगरांतल्या बायकांनी यातून एक पळवाट काढली होती. ती म्हणजे लोकलचा डबा. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास स्त्रियांची गाडी सुरू केली. त्या गाडीत आणि आमच्या मध्य रेल्वेच्या बायकांच्या डब्यात मटार सोलले जात, मेथी निवडली जात, हळदीकुंकू होई, भिशी लागे, भांडणेही होत. घरचे काम तिथे पोचलेले असेच; पण बोलावणे पोचत नसे. दादरपासून मुलुंडपर्यंतचा तो पाऊण तास ना नवऱ्याचा होता, ना साहेबाचा, ना सासूचा. माझी पहिली कादंबरी मी मनातल्या मनात तिथेच रचली. आज त्याच डब्यात मी पाहते : खिडकीजवळची मुलगी मांडीवर संगणक उघडून काहीतरी तक्ता पुरा करीत असते, तिच्या शेजारची बाई कानात बोंडे घालून "हो सर, गाडीत आहे सर, पाठवते सर" म्हणत असते, आणि तिसरी घरच्या मुलाला फोनवरून गणित सांगत असते. मटार आता सोलून, पिशवीत बांधूनच विकत मिळतात.

भिंत दुसऱ्या बाजूनेही लागते, हे विजय तेंडुलकरांइतके कोणी दाखवले नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले १९६७ साली. त्यातली लीला बेणारे माझ्याच व्यवसायातली. शाळेच्या घंटेच्या बाबतीत तिला कोणी बोल लावू शकत नाही, मुले तिच्यावर जीव टाकतात, आणि एवढे चोख काम केल्यावर उरलेले आयुष्य आपले आहे, अशी तिची समजूत असते. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात ते उरलेले आयुष्यच तिच्यापासून काढून घेतात, आणि मग त्याच्या आधारे नोकरीही. नाटक मी प्रथम वाचले तेव्हा समाजाच्या ढोंगाचे नाटक म्हणून वाचले. आता वाचते तेव्हा मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाला 'हा वेळ माझा, याचा जाब मी देणार नाही' असे म्हणता येत नाही, त्याचा खटला कधीही, कुठेही भरवता येतो. आज एखादी शिक्षिका रविवारी कोठल्या समारंभाला गेली, तिने कोणता फोटो लावला, हे सोमवारच्या प्रार्थनेआधी पालकांना ठाऊक असते. बेणारेबाईंच्या वेळी निदान त्यासाठी सहा माणसांना एका खोलीत जमावे लागले होते.

काम संपले की माणूस सुखी होतो असेही नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) संपानंतर गिरणी गेलेले घर आहे. तिथे भोंगा नाही, म्हणून जाणेही नाही आणि येणेही नाही. एका खोलीत सगळी माणसे एकमेकांच्या अंगावर येऊन पडली आहेत. घराला घरपण यायला माणसाने घराबाहेर जावे लागते, हे त्या नाटकाने माझ्यासारखीला शिकवले. पुढे २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या शहराला हा धडा गिरवावा लागला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली, आणि सर्वसामान्य माणसाला ती पुन्हा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठराविक वेळांपुरती. त्या दिवसांत आमच्या दोन खोल्यांत यजमानांची अंधेरीची कचेरी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसे, मुलीची शाळा पलंगावर, आणि माझी बालवाडी गॅलरीत. कुकरची शिट्टी झाली की, तिघांच्याही सभेत ती ऐकू जाई. लोकल पुन्हा सुरू झाल्यावर माणसे परत कामाला जाऊ लागली. पण कचेरी जी घरात आली होती ती परत गेली नाही.

घरात काम येणे ही एवढी नवी गोष्ट आहे का, असे कोणी विचारील. नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या कर्जाऊ भांडवलावर 'लिज्जत'चे पापड लाटायला सुरुवात केली, आणि पुढे हजारो घरांत ते काम पोचले. पण तिथे पीठ वजन करून मिळते, पापड वजन करून परत द्यायचे असतात. पोळपाट धुऊन उभा केला की काम संपले, हे घरातल्या लहान मुलालाही दिसते. माझे म्हणणे इथेच येऊन ठेपते. घरात काम आले हे दुःख नाही. ते कधी आले आणि कधी गेले हे कोणाला दिसत नाही, हे दुःख आहे. मोबाइल हा एकट्यापुरता वाजणारा भोंगा आहे. पुष्कळदा तो वाजतही नाही, नुसता उजळतो. एका माणसाच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडतो, आणि घरातल्या बाकीच्यांना कळत नाही की हा आता साहेबाचा नोकर आहे, की मित्रांशी थट्टा करतो आहे, की नुसता वेळ घालवतो आहे. न कळल्यामुळे रागही नीट येत नाही. आलाच, तर तो साहेबावर न येता नवऱ्यावर येतो, बायकोवर येतो, आईवर येतो. लोखंड्यांना हजारो माणसे एका मैदानात जमवता आली, कारण त्या सगळ्यांना एकच भोंगा छळत होता. आज प्रत्येकाचा भोंगा वेगळ्या मिनिटाला उजळतो. मग जमायचे कोणी आणि कोणत्या मैदानात?

लेखकापुढची अडचणही नेमकी हीच आहे. रंगमंचावर भोंगा झाला की तो पात्रांना आणि प्रेक्षकांना एकदम ऐकू जाई. नाट्य आपोआप उभे राही. फोनचा उजेड फक्त एकाच पात्राला दिसतो. म्हणून असेल, अलीकडच्या आमच्या कथांत मोबाइल तीनच कामांसाठी येतो. एक, भलत्याला भलता निरोप जाऊन गैरसमज व्हावा म्हणून. दोन, आजोबांना तो वापरता येत नाही असा विनोद करण्यासाठी. आणि तीन, शेवटी नायकाने तो बंद करून समुद्रावर जावे आणि सूर्यास्त पाहावा म्हणून. या तिसऱ्या शेवटाचा मला फार राग येतो. फोन बंद करता येणे हा मनाच्या निग्रहाचा प्रश्न आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. घाटकोपरला आमच्या नात्यातला एक मुलगा घरोघर जेवण पोचवतो. त्याने फोन बंद केला तर त्याला सूर्यास्त दिसेल, पण त्या संध्याकाळची मजुरी दिसणार नाही. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना दुपारी घरी फोन जातो, "पाहुणे आलेत, पाच मिनिटं येऊन जा." त्या पाच मिनिटांचे पैसे कोणी धरत नाही. तेव्हा कथेत फोन आला की लेखकाने एवढेच विचारावे : बोलावतो कोण, आणि नाही म्हणण्याची सोय कोणाला नाही? या प्रश्नाचे उत्तर सापडले की कथा सापडते.

आपल्याकडे हा प्रश्न लोकसभेत एका मराठी बाईनेच नेला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये एक खाजगी विधेयक मांडले. कामाचे तास संपल्यावर आलेला फोन किंवा पत्र न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा आणि त्यासाठी त्याला शिक्षा होऊ नये, हा त्याचा आशय. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये अशा स्वरूपाचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्या संसदेत १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही, तेव्हा फार आशा धरू नये. उलट २०२५ च्याच सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहा करण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा मात्र ४८ तासच राहिली. हे तास कचेरीतल्या खुर्चीवर बसून मोजायचे तास आहेत. जेवताना, जिन्यात, मुलाला झोपवताना जे खर्च होतात, ते कोणत्याच वहीत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचे भांडण नाही, आणि कथाही नाही. कायदा करणे आमच्या हातात नाही; नोंद करणे आहे. मालतीबाईंनी १९३३ साली तेवढेच केले होते.

फोनने दिले ते नाकारण्याचा कृतघ्नपणाही नको. माझी आई गावी एकटी असते. रोज संध्याकाळी तिचा चेहरा दिसतो. मुलगी क्लासहून निघाली हे कळते. पूर्वी पावसात गाड्या बंद पडल्या की घरातली माणसे रात्रभर दाराकडे डोळे लावून बसत, तो जीवघेणा काळ गेला. घर कचेरीत पोचले हे बरेच झाले. प्रश्न एवढाच की, आईला फोन करायला यजमानांना परवानगी लागते आणि साहेबाला त्यांच्या ताटावर यायला लागत नाही.

आणि मी तरी कोण? दोन वर्षांपूर्वी एका रात्री साडेदहा वाजता पालकांच्या गटावर एका आईने विचारले, उद्या रंगखडू पाठवायचे की पाठवायचे नाहीत. संदेश मी वाचला हे तिला दिसले असणार, म्हणून मी लगेच उत्तर लिहायला बसले. मग दुसरीने विचारले, मग तिसरीने. तेवढ्यात मुलगी शेजारी येऊन काहीतरी सांगून गेली, आणि मी 'हं' म्हटले. चार दिवसांनी कळले की, तिने नाचाचा क्लास सोडला होता. मी विचारले, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं. तू 'हं' म्हणालीस." मला बोलावणारा कोणी साहेब नव्हता. चार वर्षांच्या मुलांच्या आया होत्या. त्याही बिचाऱ्या दिवसभराची कामे उरकून साडेदहालाच मोकळ्या झाल्या असतील. एकीच्या मोकळ्या वेळाने दुसरीचा वेळ खाल्ला, आणि दोघींनाही ते कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गटावर लिहिले की, संध्याकाळी सात वाजल्यानंतर बाईंचे उत्तर येणार नाही. दोघी-तिघींना राग आला. एकीने संस्थेच्या कचेरीत तक्रार केली, आणि मला बोलावून समज देण्यात आली. आता मी साडेआठपर्यंत उत्तरे देते. माझ्या लढ्याची एवढीच कमाई आहे, दीड तास कमी पडला; पण साडेआठची वेळ घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती उलटून गेल्यावर माझ्या चेहऱ्यावर उजेड पडला तर मुलगी मोठ्याने "भोंगा झाला!" म्हणून ओरडते. हे मला फार मोलाचे वाटते. एकटीला दिसणारी गोष्ट निदान तिघांना ऐकू येऊ लागली.

ते चौथे प्रकरण मी परत लिहिले. आता नायक बोलत बोलतच जिना चढतो. बायको दार उघडते. त्याला दिसत नाही. पण मी तो परिच्छेद तिथे संपवलेला नाही. बायको दारातून बाजूला होत नाही. पिशवी घ्यायला हात पुढे करीत नाही. तो बोलणे संपवीपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहते, आणि त्यालाही बाहेर उभे राहावे लागते. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार किलकिले करून हे सगळे पाहतात. मुलीला वाचायला दिले. तिने वाचून वही परत दिली आणि विचारले, "मग तो आत येतो की नाही?"

पाचवे प्रकरण तिथून सुरू करायचे आहे.